हाताने घडवलेला चाकू कसा बनतो? लोहाराचं ‘पाणी’ सोप्या भाषेत

नवीन मोबाईल घ्यायचा असेल तर आपण प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, बॅटरी किती एमएएच आहे ते बघतो. चाकू घेताना मात्र फक्त चकाकी बघतो. चकचकीत दिसला, मूठ भारी वाटली की ऑर्डर. दोन महिन्यांनी तोच चाकू टोमॅटोवरून घसरायला लागतो, आणि मग आपण म्हणतो, ‘धारच टिकत नाही राव.’

खरं तर चाकूचंही एक स्पेसिफिकेशन असतं. फक्त ते डब्यावर छापलेलं नसतं. त्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ती पोलादाच्या आत असते आणि लोहार तिला ‘पाणी’ म्हणतात. या लेखात आपण हाताने घडवलेला शेफ नाइफ कसा तयार होतो, ‘पाणी’ म्हणजे नक्की काय, आणि असा चाकू विकत घेताना किंवा जवळच्या लोहाराकडून करून घेताना काय विचारायचं, ते बघूया. उदाहरण वर्धा जिल्ह्याचं घेऊ, कारण या विषयाचे बरेच धागे तिथे एकत्र येतात.

शेफ नाइफ म्हणजे काय?

आपल्या घरात भाजी चिरायला पिढ्यानपिढ्या विळी वापरली जाते. विदर्भात तिला पावशी म्हणतात. पावशीचं पातं स्थिर असतं आणि भाजी हलते. शेफ नाइफचं उलट आहे. भाजी पाटावर स्थिर आणि पातं हलतं. त्यामुळे पात्याचा आकार वेगळा लागतो.

साधारण शेफ नाइफचं पातं २० सेंटिमीटरच्या आसपास लांब असतं. मुठीजवळ ते रुंद असतं, त्या भागाला टाच म्हणू. टोकाकडे ते निमुळतं होतं. धारेला हलकी गोलाई असते, म्हणून टोक पाटावर टेकवून चाकू झोक्यासारखा मागेपुढे हलवता येतो. वरची बोथट बाजू म्हणजे पाठ. चांगल्या घडवलेल्या चाकूत ही पाठ मुठीजवळ जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. पत्र्यातून कापून काढलेल्या बऱ्याच स्वस्त चाकूंत ती सगळीकडे सारख्या जाडीची असते. दोन चाकू शेजारी धरून वरून बघा, फरक लगेच कळेल.

वर्धा आणि लोखंड

विदर्भात लोखंडाचं काम नवीन नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड इथल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. वर्धा जिल्ह्यात खैरवाड्याला त्याच महापाषाण संस्कृतीची शिळावर्तुळं आहेत. म्हणजे ज्या मातीत आज कापूस, सोयाबीन आणि तूर आहे, त्या भागात माणूस फार आधीपासून लोखंड तापवत आला आहे.

पुढे गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक झाला. आपल्याकडे काही भागांत त्याला खाती म्हणतात. शिवाय घिसाडी आणि गाडी लोहार हे भटके कारागीर गावोगाव फिरून रस्त्याच्या कडेला भट्टी लावत आले. पावसाळ्याच्या तोंडावर वखराची पास, खुरपं, विळा, कुऱ्हाड पाजवून घ्यायला शेतकरी यांच्याकडेच जायचे, अजूनही जातात.

तिसरा धागा गांधीजींच्या काळातला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचं काम चालायचं आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा ते सांभाळायचे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथेच मगन संग्रहालय सुरू झालं. गावातल्या कारागिराचं तंत्र आणि अवजार सुधारलं, तर त्याला गाव सोडावं लागणार नाही, हा त्यामागचा विचार. आज वर्ध्यातली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे एमगिरी, ग्रामोद्योगांच्या तंत्रावरच काम करते.

एक गोष्ट स्पष्ट करतो. गावातला लोहार रोज शेफ नाइफ बनवत नाही. त्याचं रोजचं काम विळ्या-खुरप्यांचं. पण विळ्याला धार टिकण्यासाठी जे ज्ञान लागतं, शेफ नाइफलाही तेच लागतं. हार्डवेअर वेगळं, ऑपरेटिंग सिस्टिम तीच.

पोलाद कुठलं वापरतात?

लोखंडात कार्बन किती आहे, यावर सगळं ठरतं.

• बांधकामाची सळई, गेटच्या पट्ट्या: कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांपर्यंत. आकार छान येतो, पण याला चाकूसारखं कठीण करता येत नाही.
• ट्रकचा कमानपाटा: कार्बन ०.५ ते ०.६ टक्के. सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. गावातल्या लोहाराचा हा आवडता माल, कारण भंगारात सहज मिळतो आणि चिवट असतो.
• बेअरिंगचं पोलाद: कार्बन सुमारे १ टक्का. धार जास्त टिकते, पण घडवायला अवघड.
• जुनी कानस: कार्बन १ टक्क्याच्या वर. खूप कठीण होते, पण नीट नरम केली नाही तर काचेसारखी तुटते.

कमानपाट्याची एक अडचण लक्षात ठेवा. लाखो खड्डे खाल्लेल्या जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असू शकतात. आपण पाणी दिलं की नेमकी तिथेच चीर पडते. त्यामुळे न वापरलेल्या पाट्याचा उरलेला तुकडा मिळाला तर तो जास्त चांगला.

माल ओळखायची जुनी युक्ती म्हणजे ठिणगी. ग्राइंडरवर साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ उडतात. कार्बन जास्त असेल तर प्रत्येक ठिणगी पुढे जाऊन फुलबाजीसारखी फुटते.

भट्टी ते धार: सात पायऱ्या

१. तापवणे. लोहारसाळेत कोळशाची भट्टी असते. पूर्वी भाता ओढायला एक माणूस लागायचा, आता बहुतेक ठिकाणी हाताने फिरवायचा किंवा विजेवरचा ब्लोअर असतो. पोलाद केशरी-पिवळं होईपर्यंत, म्हणजे साधारण ९५० ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्याहून फार वर गेलं की तुकड्यातूनच ठिणग्या उडायला लागतात. याचा अर्थ पोलाद जळतंय. जळलेला भाग पुन्हा कामाचा नाही.

२. घडवणे. सांडशीत धरून ऐरणीवर घण आणि हातोड्याने ठोकून पात्याची लांबी, निमुळतेपणा आणि मुठीत जाणारा मागचा भाग काढतात. लाली मंद झाली की थांबायचं आणि परत तापवायचं. थंड पडलेल्या पोलादावर ठोकत राहिलं तर तडा जातो. म्हणून तर म्हणतात, लोखंड गरम आहे तोवर घाव घाला.

३. विसावा देणे. इतक्या ठोकाठोकीत पोलादाचे आतले कण ओबडधोबड होतात. म्हणून पातं लाल करून साध्या हवेत हळूहळू निवू देतात, असं दोन-तीन वेळा. यामुळे कण बारीक आणि एकसारखे होतात. घाईत ही पायरी सर्वात आधी गाळली जाते. वरून काहीच कळत नाही, पण पुढे पातं वाकडं होणं किंवा तुटणं इथूनच सुरू होतं.

४. आकार देणे. कानस किंवा ग्राइंडरने बाहेरचा आकार काढतात. धारेची कड मुद्दाम मिलिमीटरभर जाड ठेवतात. इतक्यातच पातळ केली तर पुढच्या पायरीत ती वेडीवाकडी होते.

५. पाणी देणे. पातं लाल करून एकदम थंड करायचं. यावर खाली सविस्तर बोलू.

६. नरमावणे. कठीण झालेलं पातं पुन्हा, पण या वेळी कमी तापवायचं.

७. मूठ आणि धार. मुठीला सागवान, शिसम, बाभूळ किंवा तिवसाचं लाकूड. तिवस चिवट असल्यामुळे शेतीच्या अवजारांना पूर्वीपासून वापरतात. शेवटी दगडावर धार. आधी जाड कणांचा, मग बारीक कणांचा दगड.

‘पाणी’ म्हणजे नक्की काय?

आता मुख्य मुद्दा. मोबाईलची काच आणि त्याचं सिलिकॉन कव्हर डोळ्यांसमोर आणा. काच कठीण असते, तिच्यावर सहज ओरखडा उठत नाही, पण पडली की फुटते. कव्हर चिवट असतं, कितीही पाडा, फुटत नाही, पण नखानेही ओरखडा पडतो. चाकूच्या धारेला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. कठीण नसेल तर धार दुमडेल, चिवट नसेल तर तिचे कपचे उडतील. पाणी देणं म्हणजे या दोन्हींचा तोल साधणं.

हे घडतं कसं? पोलाद साधारण ७३० अंशांच्या वर गेलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलायला लागते आणि मधल्या जागांमध्ये कार्बनचे अणू सामावले जातात. हळूहळू थंड केलं तर कार्बन निवांतपणे बाहेर पडतो आणि पोलाद पुन्हा मऊ होतं. पण एकदम थंड केलं तर? संगीत खुर्चीचा खेळ आठवा. गाणं अचानक थांबलं की जो जिथे असेल तिथेच अडकतो. कार्बनचं तसंच होतं. तो अडकून बसतो, अणूंची जाळी ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण होतं. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात.

नाव ‘पाणी’ असलं तरी कमानपाट्याच्या पोलादासाठी तेल वापरणं सुरक्षित. साध्या पाण्यात ते इतक्या झपाट्याने थंड होतं की ‘टिक’ असा आवाज येऊन चीर जाऊ शकते. तेल थोडं कोमट, ५० ते ६० अंशांचं असेल तर आणखी चांगलं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याभोवती नीट फिरतं.

तेलातून काढलेलं पातं कठीण असतं, पण काचेसारखं. हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून सहावी पायरी, नरमावणं. पातं घासून एका जागी चकचकीत करायचं आणि हलकेच तापवायचं. त्या चकचकीत जागेवर रंग उमटायला लागतात. साधारण २१० अंशांना फिकट पिवळा, २३० ते २४० ला गडद पिवळा, २५५ च्या पुढे तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. हे रंग म्हणजे पोलादावर येणारा ऑक्साइडचा अतिपातळ थर. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तसाच हा प्रकार. स्वयंपाकाच्या चाकूची धार पिवळ्यावर थांबवतात. निळ्यापर्यंत गेलात तर पातं स्प्रिंगसारखं होतं, वाकेल पण धार धरणार नाही.

कठीणपणा मोजायला रॉकवेल सी नावाचं माप आहे. चांगले शेफ नाइफ साधारण ५६ ते ६० मध्ये बसतात, बरेच जपानी चाकू ६० च्या वर असतात. पण हे माप घ्यायला मशीन लागतं. लोहाराकडे असतो तो फक्त डोळा.

आपल्या भाषेत हे सगळं आधीपासून मुरलेलं आहे. तडफदार माणसाला आपण ‘पाणीदार’ म्हणतो. पात्यातलं पाणी आणि माणसातलं पाणी, शब्द एकच.

व्हिडिओ बघून हे शिकता येईल का?

अर्धंच. आणि याचं कारण तुमच्या हातातला मोबाईलच आहे.

पाणी देताना पातं ८५० अंशांच्या आसपास हवं. हे ओळखायचं लालीवरून. फार मंद लाल असेल तर कठीण होणार नाही, केशरी झालं तर कण मोठे होऊन पातं ठिसूळ होईल. मधली छटा पळसाच्या फुलाकडे झुकणारी. पण मोबाईलचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर आपणहून बदलतो. अंधाऱ्या जागेत तो उजेड वाढवतो आणि लाल तुकडा पिवळा किंवा पांढरा दाखवतो. शिवाय सेन्सरला थोडी इन्फ्रारेडही दिसते, म्हणून तापलेल्या वस्तूवर कधी जांभळट झाक येते. म्हणजे स्क्रीनवरचा रंग आणि भट्टीतला रंग एक नाही.

लोहारसाळ अंधारी का असते, याचं उत्तरही इथेच आहे. भर उन्हात तापलेलं पोलाद प्रत्यक्षाहून थंड वाटतं. सावलीत, रोज साधारण सारख्या उजेडात बसलं तरच लालीची छटा नेमकी वाचता येते. ती काळोखी झोपडी हाच लोहाराचा थर्मामीटर.

नवशिक्यासाठी एक मदत आहे: चुंबक. पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून थोडं वर म्हणजे योग्य जागा. पण हा प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. तापलेल्या तेलाचा भडका उडू शकतो.

‘दमास्कस’ लिहिलेले चाकू खरे असतात का?

ऑनलाइन शोधलं की लाटांसारखी नक्षी असलेले चाकू दिसतात. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, खरं वूट्झ पोलाद. मुशीत वितळवून केलेलं हे पोलाद दक्षिण भारतातलं. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक प्रसिद्ध केंद्र होतं. शास्त्रज्ञ मायकल फॅरेडे यांनीही १८२० च्या सुमारास या पोलादावर प्रयोग केले होते. याची नक्षी पोलादाच्या आतूनच येते.

दुसरी, दोन प्रकारच्या पोलादाचे थर भट्टीत जोडून, दुमडून केलेलं पातं. आज ‘दमास्कस’ नावाने जे खरं काम विकलं जातं, ते बहुतेक हे.

तिसरी, साध्या पत्र्यावर लेझरने छापलेली नक्षी. हा निव्वळ वॉलपेपर. पातं घासलं की नक्षी गेली. खऱ्या थरांची नक्षी घासून गेली तरी ॲसिडमध्ये बुडवल्यावर परत येते.

आणि नक्षी खरी असली तरी पाणी बरोबर दिलंय, याची ती हमी नाही.

घेताना काय तपासायचं?

• पोलाद कुठलं, हा प्रश्न विचारा. सांगणाऱ्याकडे सरळ उत्तर असायला हवं.
• पाणी कशात दिलं आणि नंतर नरमावलं का, हे विचारा. ज्याने स्वतः घडवलंय तो खुशीने सांगतो.
• घडवणाऱ्यालाच धारेजवळ नवी कानस हलकेच फिरवायला सांगा. पाणी असेल तर कानस घसरते किंवा जेमतेम खरवडते. साध्या लोखंडात ती लगेच रुतते.
• धारेवर निळा डाग दिसतोय का बघा. ग्राइंडरवर पातं जास्त तापलं तर तिथलं पाणी उतरतं. मात्र डाग पॉलिशने घालवता येतो, म्हणून कानसेची परीक्षा जास्त खात्रीची.
• धारेच्या अगदी मागे पातं किती जाड आहे ते बघा. तिथे जाड असेल तर कितीही धार लावा, गाजर कापलं न जाता फुटेल.
• चुंबक चिकटतं म्हणजे चांगलं पोलाद, हा गैरसमज आहे. साधी सळईही चिकटते.

वापर आणि देखभाल

कमानपाट्याचं पोलाद स्टेनलेस नसतं, गंजतं. वापर झाला की लगेच धुवा, पुसा, आठवड्यातून एकदा खाद्यतेलाचा हात फिरवा. कांदा, लिंबू, टोमॅटो कापून पातं काळपट-निळसर होतं. ते बिघडणं नाही, तो थर गंज थोपवायला मदतच करतो. लाल गंज दिसला तर मात्र घासून काढा.

ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा स्टीलच्या ताटात कापू नका, लाकडी पाट वापरा. नारळ फोडायला कोयता आहे, चाकूला ते काम देऊ नका. धार लावताना दगडाशी प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन ठेवा. आणि हातगाडीवरच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत धार लावून घेणं टाळा, पाणी उतरायचा धोका तिथेच सर्वात जास्त.

मग लोहाराला याचे पैसे का मिळत नाहीत?

कारण गिऱ्हाइकाला पाणी दिसत नाही. आठवडी बाजारात पाणी दिलेला विळा आणि साध्या पट्टीतून कापलेला विळा शेजारी ठेवले तर पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच कापतात. आपण स्वस्त तो उचलतो. चांगलं काम करणाऱ्या कारागिराला मग दोनच वाटा उरतात: विसाव्याची आणि नरमावण्याची पायरी गाळून किंमत उतरवायची, किंवा भट्टी बंद करायची. दोन्हींत जातं ते कौशल्य, आणि ते कुठल्याही सर्व्हरवर बॅकअप घेतलेलं नाही.

जपानमधल्या साकाई शहरात चाकू घडवणारा, धार लावणारा आणि मूठ बसवणारा असे वेगवेगळे कारागीर असतात आणि जगभरचे शेफ त्या कामाला पैसे मोजतात. आपल्याकडे हे सगळं बहुधा एकच माणूस करतो, आणि भाव मात्र नगावर ठरतो.

सरकारी पातळीवर सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसायांत लोहारही आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजाने मिळण्याची तरतूद आहे. योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्यातच झाला. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमधून आधार आणि मोबाईल नंबरवर होते. तुमच्या ओळखीच्या लोहाराला ऑनलाइन फॉर्म जमत नसेल, तर ही मदत तुम्ही अर्ध्या तासात करू शकता.

थोडक्यात प्रश्नोत्तरं

लोहाराकडून शेफ नाइफ करून घेता येईल का? हो. कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून न्या, पाठीची जाडी लिहा, आणि ‘पाणी देऊन नरमावून हवा’ असं स्पष्ट सांगा. घाई करू नका. नीट केला तर एक चाकू अख्खा दिवस घेतो, तेवढी मजुरी द्या.

असा चाकू ठेवायला परवाना लागतो का? शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. स्वयंपाकघरात वापरा, खिशात घालून फिरू नका.

पहिला चाकू स्टेनलेस घ्यावा की कार्बन पोलादाचा? पुसून ठेवायची सवय नसेल तर स्टेनलेस. सवय असेल, आणि धार स्वतः लावायला शिकायचं असेल, तर कार्बन पोलाद. ते दगडावर पटकन धार घेतं आणि नीट वापरलं तर वर्षानुवर्षं साथ देतं.